तोंडी परीक्षा आणि परकी कवळी

चिमणे, तुझ्या थोरल्या बहिणीचे, अजून शिल्लक आहेत तेवढे सगळे आशीर्वाद. (नात म्हणते, इथे 'वि. वि.' घालतात. घाल बाई.) तुझे गुडघे काय म्हणतात? जावयांचा खोकला गेला का? मी ठणठणीत आहे. सोसतात ते घरचे.

हे लिहून घेणाऱ्या माझ्या नातीची शुक्रवारी तोंडी परीक्षा. विषय काय, तर लॅटिनमधलं एक क्रियापद, मांदुकारे, म्हणजे चावणे. ती भाषा घरात बोलणारं आता कुणी उरलं नाही, पण बाईच्या लेकी चांगल्या घरी पडल्या. इटलीत मांजारे, फ्रान्सात मांझे, रुमानियात मंका, आणि तिघींचा अर्थ आता नुसतं खाणे. स्पेनवाल्यांनी मात्र दुसऱ्याच घरची मुलगी केली, कोमेर. (आठवडाभर भाजी निवडताना हेच ऐकतेय. परीक्षा मीच दिली असती, पण सही येत नाही.)

काल तिचे सर चहाला आले. मला ताकीद होती, "आजी, तू फक्त हस." पण सरांनीच विचारलं, स्पेनने वेगळा शब्द का धरला असेल, तुम्हाला काय वाटतं? विचारल्यावर गप्प बसणं आपल्या घराण्यात नाही. म्हटलं, स्पेनच्या म्हाताऱ्यांचे दात पडले असतील, ते चावण्याचा शब्द कशाला सांभाळतील? सर हसले, म्हणून मीही हसले, आणि वरची कवळी थेट त्यांच्या बशीत. नात पांढरीफटक. (आत्ताही दातओठ खात लिहितेय, तिचे स्वतःचे आहेत.) सरांनी ती चमच्याने उचलून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "शुक्रवारी आजींनाही आणा." हे आमंत्रण की टोमणा, यावरून घरात दोन तट पडलेत. मी मात्र जाणार. बाकी क्षेम.

ता. क. कवळी पडली, कारण ती माझी नव्हेच. गेल्या महिन्यात तुझ्या बेसिनवर दोघींचे पेले शेजारी होते, त्यातला तुझा मी उचलला. इतके दिवस वाटलं, हिरड्या आटल्या. पण 'हल्ली काकडीसुद्धा कुरकुरीत लागते' हे तुझ्या पत्रातलं वाक्य नातीने वाचून दाखवलं, तेव्हा ताडलं. तू गप्प बसलीस, लबाडे. माझी कवळी शुक्रवारच्या आत भाच्याच्या हाती धाड. पुन्हा बशीत पडली, तर पोरीचं वर्ष जाईल.

आणखी एक ता. क. तुझी मात्र लगेच देणार नाही. काल ती घालून आरशात हसले, तर समोर आपली आई. चार दिवस राहू दे माझ्याकडे. तोवर काकडीकडे नुसती बघ.