तळ्यापलीकडची विमल

प्रिय विमल,

सप्रेम जयभीम. बायकोला पत्रात जयभीम लिहितात की नाही मला ठाऊक नाही. तुला पत्र लिहायची वेळच कधी आली नव्हती. नावानेही कधी हाक मारली नाही. ‘अगं’ म्हटलं की तू यायचीस, तेवढ्यावर संसार झाला. आता वर ‘प्रिय विमल’ लिहिलं तर कुणा दुसऱ्याच बाईला लिहितोय असं वाटलं. दचकू नकोस, सगळे बरे आहेत. फोनवर बोललो असतो, पण प्रणय फोन स्पीकरवर टाकतो, स्नेहल भांडी घासता घासता मध्येच बोलते आणि इरावती तुला दात दाखवते. माझ्या वाट्याला ‘जेवलात का’ आणि ‘गोळी घेतली का’ एवढंच येतं. पाकीट मृणालला उघडू देऊ नकोस.

गोळी घेतो. रक्तदाब जरा वर आहे. इथे बेसिंगस्टोकला चार दिवस ऊन पडलं, मग पुन्हा सगळं राखाडी. सकाळी इरावतीला शाळेत सोडतो. रस्ता ओलांडताना तिचा हात इतका घट्ट धरतो की ती ओरडते, “आबा, यू आर हर्टिंग!” परत येऊन खिडकीत बसतो. समोरच्या घरातला गोरा म्हातारा झाडांना पाणी घालतो आणि मला हात करतो. मीही करतो. संपलं. मुलांनी आपली वाटणी केली ती त्यांच्या सोयीने, त्याला माझी हरकत नाही. मृणाल बाळंतीण होती, तिला आई हवी होती. इथे इरावतीला ने-आण करायला कुणीतरी हवं होतं. म्हणून तू वर केंडलला आणि मी खाली इथे. पण व्हिसा सहा महिन्यांचा, आणि ते सहाही महिने आपण या इंग्लंडच्या दोन टोकांना काढायचे, हे आपल्या दापोडीत कुणाला सांगितलं तर खरं वाटेल का?

तू पळायला लागलीस हे मला ग्रुपवरच्या फोटोवरून कळलं. आधी तू म्हणाली होतीस की मृणाल डोंगरात पळायला जाते, तू खाली गाडीत बाळ सांभाळतेस. मग म्हणालीस, बाळाला जावई घरीच ठेवतात, मी जरा चालून येते. मग फोटो आला. डोक्याला पट्टी, पायात खालून रबरी दात असलेले बूट, मागे कसलंसं काळं पाणी. मृणालने खाली लिहिलं होतं, ‘आई ॲट द टार्न!’ टार्न म्हणजे डोंगरातलं उंचावरचं तळं, हे प्रणयने सांगितलं. मी विचारलं, या वयात पाय मोडला तर? तो म्हणाला, “पप्पा, चिल करा. चढावर ते सगळे चालतातच. सपाटीवर आणि उतारावर पळतात.” उतारावरच तर माणूस पडतो. हे इथल्या शिकलेल्या लोकांना कळत नाही.

आणि मग ते डॉक्टर. मृणालच्या पळणाऱ्या मंडळींतले चंद्रशेखर डॉक्टर, इथल्या हॉस्पिटलात जन्म घालवून निवृत्त झालेले, बायको वारलेली, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आणि पोट अजिबात नाही. तुझ्या प्रत्येक फोनमध्ये ते येतात. डॉक्टरांनी श्वास कसा घ्यायचा ते सांगितलं. डॉक्टरांनी पिशवीच्या पट्ट्याला शिट्टी बांधून दिली, धुक्यात चुकलं तर वाजवायला. डॉक्टर घरून शिरा करून आणतात. पुरुष माणूस शिरा करतो! तुला ते विमलताई म्हणतात, ते ठीक आहे. पण मे महिन्यात मृणालने व्हिडिओ टाकला, त्यात तू ओढ्यातून आलेली, बोटं गारठलेली, आणि ते खाली वाकून तुझ्या बुटाची नाडी बांधत होते. त्यांच्या घरात चार पिढ्या शिकलेल्या आणि तो माणूस तुझ्या पायाशी बसलेला. मला अभिमान वाटायला हवा होता. मी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की स्नेहल म्हणाली, “पप्पा जेलस झाले!” सगळे हसले. मीही हसलो. रात्री भाकरी गेली नाही.

जूनमध्ये प्रणय मला तुमच्याकडे घेऊन आला तेव्हा मी मुद्दाम तुमच्याबरोबर त्या स्टिकल टार्नला निघालो. तुला वाटलं असेल, हौस आहे. मला बघायचं होतं. अर्ध्या वाटेत माझा श्वास फुलला. तू थांबलीस, म्हणालीस, “अहो, बसा जरा.” आणि मी म्हटलं, जा तू, मी येतो. गेलीस. विमल, लग्नापासून आपण बाजारात जायचो, विहारात जायचो, मी पुढे आणि तू मागे. मला वाटायचं तुला चालवत नाही. मी मध्येच थांबून ओरडायचो की पाय उचल जरा. त्या दिवशी पहिल्यांदा मी तुझी पाठ पाहिली. दगडावरून दगडावर, कुठेही न अडखळता. तुला सगळी वर्षं माझ्यासाठी हळू चालावं लागलं असणार.

मी कसाबसा वर पोचलो तेव्हा तू तळ्याच्या निम्म्या फेरीत होतीस. डॉक्टर माझ्याजवळ येऊन बसले, थर्मासमधला चहा दिला. म्हणाले, “सुभाषराव, विमलताईंचं पाऊल फार हलकं पडतं. कुठे शिकल्या?” मी म्हटलं, मीच शिकवलं. त्यांनी मान डोलावली, खरं मानलं की सोडून दिलं कुणास ठाऊक. माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

पण डॉक्टर माझ्याशेजारी बसले होते, मृणाल मागे राहिली होती, आणि तू पलीकडच्या काठाला एकटी होतीस. कड्याखाली, इवलीशी, लाल जाकिटात. तिथे थांबलीस, कमरेवर हात ठेवलेस आणि हसलीस. कुणाकडे बघून नाही. तिथे कुणी नव्हतंच. त्या हसण्याने मला जे काही झालं ते नाडीच्या व्हिडिओनेसुद्धा झालं नव्हतं. डॉक्टरांवर जळता येतं, डॉक्टर दिसतात. तू जिथे उभी होतीस तिथे मी नव्हतो, आणि माझी काही उणीवही नव्हती. यावर कुणाशी भांडायचं?

आता कामाचं लिहितो. आपली तिकिटं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याची आहेत आणि तू नाव दिलेली ती तळ्यांवरून पळायची शर्यत त्याच्या पुढच्या आठवड्यात. मृणालने प्रणयला विचारलं, प्रणयने मला. तिकिटाची तारीख पुढे नेता येते, व्हिसाही पुरतो. मी म्हटलं, वर्षावास चालू आहे, विहारात ग्रंथाचं वाचन आहे, आपण जायला हवं. तू त्यांना सांगितलंस, “ह्यांना विचारा, हे म्हणतील तसं.” तेव्हापासून घरात सगळे माझ्याभोवती पाय न वाजवता फिरतात. डॉक्टरांचाही फोन आला होता, मी उचलला नाही. वाचनाचं खरं सांगू का? सातवी शिकलेला मी, मी मागे बसून ऐकतो. पुढे बसून वाचतेस तू. मी गेलो नाही तर कुणाचं अडत नाही.

मग रविवारी फोनवर तू म्हणालीस, “राहू द्या. मला काही एवढं नाही त्याचं. येते मी ठरल्याप्रमाणे.” हा तुझा आवाज मला ओळखीचा आहे. शिलाईचा क्लास सोडलास तेव्हा हाच होता. माहेरच्या लग्नाला गेली नाहीस तेव्हाही हाच. जिंकलो मी. मनासारखं झालं. स्नेहलने चहा दिला तो हातात धरून बसलो, आणि गार झाल्यावर ओतून टाकला.

म्हणून हे पत्र. तू मला विचारलंस तर मी नाहीच म्हणेन. मला माझं तोंड माहीत आहे. पाय मुरगळेल म्हणेन, थंडी बाधेल म्हणेन, लोक काय म्हणतील म्हणेन, आणि ते डॉक्टर मनात असतील. हो म्हणायला मला अजून जमत नाही, आणि खोटं हो तू लगेच ओळखशील. तेव्हा मला विचारूच नकोस. मुलांनाही माझ्याकडे पाठवू नकोस. प्रणय म्हणतो पुढच्या सोमवारपर्यंत तारीख बदलता येईल. त्याआधी फोन कर आणि मला सांग, की मी थांबतेय. मी चिडेन. दोन दिवस नीट बोलणार नाही. तू तरी सांग.

तुझ्याच वाटेकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच
सुभाष