दुधाचा संशय

१४ ऑगस्ट १९८१
ताप उतरला, पण सुगत उजवा पाय उचलतच नाही. पोलिओ — डॉक्टरांनी सरळ सांगितलं. अहो, पण तिन्ही डोस झालेत! मी स्वतः नेलं, थेंब जिभेवर पडताना बघितले. मग झालं कसं?

१६ ऑगस्ट
नर्स सिंधूताईंनी बजावलं होतं — थेंबांच्या आधी नि नंतर तासभर अंगावर पाजू नका. मी नाही पाजलं. पण घरी आले की मी स्वयंपाकाला लागायचे आणि रडणारं पोर गोपिकाकडे, माझ्या धाकट्या जावेकडे. तिची उज्ज्वला तेव्हा नुकतीच जन्मली होती, अंगावर दूध होतं. आमच्या घरात जिला दूध असेल ती रडणाऱ्याला घेते.
तिनंच पाजलं असणार.

१९ ऑगस्ट
विचारलं. "रडून राहिला होता, जाऊबाई. मले राहवलं नाही."
झालं! अंगणात सगळ्यांसमोर बोलले — तूच माझ्या पोराचा पाय घेतलास. "चूप बस वं," हे म्हणाले. नाही बसले. चूल वेगळी मांडली.

२० ऑगस्ट
स्वतःच्या पोरीला मात्र डोसनंतर तासभर रडू देते. बघितलंय मी. मुद्दाम केलं असेल? उज्ज्वला पाळण्यात लाथा झाडते, माझ्याच्यानं बघवत नाही.

२७ ऑगस्ट
मोठ्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "डोसच्या दिवसांत पोट बिघडलं होतं?" होतं. तिन्ही वेळा. गल्लीतल्या सगळ्याच लेकरांना जुलाब होते तेव्हा. त्या म्हणाल्या, पोटात आधीच दुसरे विषाणू ठाण मांडून बसले की डोसला जागा मिळत नाही. थेंब पोटात जातात, पण लागू पडत नाहीत. जुलाबातला डोस द्यायचा, पण मोजायचा नाही — बरं वाटल्यावर आणखी एक द्यायचा.
आणि दूध?
"दुधाचं काही नाही. उलट त्यावरच तगला तो."
बाहेर बाकावर बसून रडले. गोपिकाला काय तोंड दाखवू?

२ सप्टेंबर
उज्ज्वलाला जुलाब. उद्या तिचा तिसरा, शेवटचा डोस. न राहवून तिच्या दाराशी गेले. सगळं सांगितलं — हा डोस दे, पण हिशेबात धरू नको, बरी झाली की चौथा दे.
गोपिकानं पोरीला पदराआड घेतलं.
"सगळ्याइच्या लेकराले तीन, माह्या पोरीले चार काहून? आता तिचा पाय पायजे काय तुम्हाले?"
दार लावून घेतलं.