चाळीस घरांचं एकच उत्तर

३ मार्च २००२
वैशू, माफ कर, वही फार उशिरा उघडली. पुण्याला एम.ए.ला जाताना तू दिलीस. "आबा, रोज दोन ओळी लिहा. दिसलं ते लिहा, वाटलं ते नको." आठ महिने कोरी राहिली. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडलंय, आणि ते मीच घडवलंय.

४ मार्च
परवा पोलादपूरला उतरून बूथवरून नातीला, वैशूला, फोन केला. आवाज परका वाटला.
तिने गावच्या पाण्यावर प्रकल्प घेतला होता. जानेवारीत चाळीस छापील कागद माझ्याकडे पाठवले. घरोघर जाऊन विचारायचं: पाणी कुठून भरता, ते कधी आटतं, आणायला किती वेळ लागतो. मी चार दिवसांत भरून परत पाठवले. ओटीवर बसून. कुठेही गेलो नाही. चौऱ्याहत्तर वर्षं इथे काढली, मला ठाऊक नाही? सगळ्यांवर एकच लिहिलं. गावची विहीर, वैशाखात, अर्धा तास. अक्षर चांगलं काढलं. खाडाखोड एक नाही.
सरांनी वर्गात ते कागद पसरले. म्हणाले, "या चाळीस घरांत एकच माणूस राहतो का?" वर्ग हसला.
प्रकल्प परत. १५ एप्रिलपर्यंत नव्याने दिला नाही तर तिचं वर्ष गेलं.
"आबा, मी तुमच्याकडे उत्तरं मागितली नव्हती. लोकांना विचारा म्हटलं होतं."
मी म्हटलं, बरोबर उत्तर माहीत असताना चाळीस वेळा विचारायचं कशाला?
तिने फोन ठेवला.

६ मार्च
राग जात नाही. सरांवर, तिच्यावर. ही पोर शाळेत पहिली यायची ती कोणाच्या जिवावर? मी चौथी शिकलेला माणूस. रोज संध्याकाळी पुस्तक धरून बसायचो, ती धडा म्हणायची. शब्द चुकला की तिच्यापुढे एक चिंचोका. जितके चिंचोके, तितक्यांदा धडा पहिल्यापासून. महाडच्या कॉलेजात गेली तरी शनिवारी घरी आली की तेच. बी.ए. अशी झाली.
सहावीत असेल. मध्येच थांबून विचारलं, "आबा, झरा उन्हाळ्यात कुठं जातो?" मी म्हटलं, पुस्तकात आहे का? नाही ना? मग पुढचं म्हण. वर एक चिंचोका ठेवला.
हे आजच का आठवावं.

८ मार्च
तिचं पत्र. आठ ओळी. "सरांनी विचारलं, तू तपासलं नाहीस? मी म्हटलं, आबांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. तिथेच माझं चुकलं. छापलेलं किंवा तुम्ही सांगितलेलं खोटं असू शकतं, हे मला अजून सुचतच नाही. आता तुम्ही काही करू नका."
काही करू नका. बरं.

११ मार्च
काल वहीची पानं फाडून चाळीस कागद आखले. आज बौद्धवाडीपासून सुरुवात. भागाबाई अंगणात बसलेली. माझ्याच वयाची.
"आमची हीर शिमग्याच्या आधीच तळाला जाते. वैशाखात आटते ती तुमची."
"मग पाणी?"
"वढ्यात खड्डा खणून. तुमच्या हिरीवर आमाला कोण येऊ देत होतं, आबा? आता येऊ देतात, तर दोर पुरत नाय."
"मला ठाऊक नव्हतं."
"कदी इचारलंत?"
हसून म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. हात वैशाख लिहायला जात होता. शिमगा लिहिलं. खाली तिचा अंगठा घेतला.

१९ मार्च
वरच्या टेपावर, म्हणजे टेकाडावर, धनगरांची पाच घरं. गुडघे बोलायला लागले. वाटेत एकाने हटकलं, "आबा, इलेक्शनला उभं ऱ्हाताय काय?"
वरचा म्हातारा म्हणाला, "पानी कुठं आटतं? पानी खाली जातं, मग आमी गुरं घेऊन त्याच्यामागं खाली जातो."
हे कुठल्या रकान्यात लिहायचं? समासात लिहिलं, जसंच्या तसं. उत्तर चुकीचं म्हणावं तर म्हातारा आपल्या घराबद्दल बोलतोय.
अठ्ठावीस कागद झाले. एकासारखा दुसरा नाही.

२६ मार्च
शेवटचं घर आपलंच. सुनंदाला, म्हणजे वैशूच्या आईला विचारलं, पाण्याला किती वेळ लागतो?
"आता दोन तास. वैशाखात सकाळ पुरत नाय. कशाला?"
"कागदावर लिहायचंय."
"तुमच्या आंघोळीचा हंडा रोज चुलीवर आसतो, आबा. तो तिथं उगवत नाय."
मी अर्धा तास लिहिला होता. बावीस वर्षं ही सून घरात आहे.

१ एप्रिल
पोलादपूरहून रजिस्टर केलं. अडतीस कागद भरलेले, प्रत्येकावर सही नाहीतर अंगठा. दोन कोरे. त्या घरांना कुलूप, माणसं मुंबईला. मनाने भरले नाहीत, असं वर लिहिलंय. खाडाखोड पुष्कळ आहे.

९ एप्रिल
पोचपावती आली. सही वैशूची नाही. वसतिगृहातल्या कोणाची तरी.

२० एप्रिल
पंधरा तारीख जाऊन पाच दिवस झाले. बूथवरून दोनदा फोन केला. एक मुलगी म्हणते, "ती बाहेर गेलीय." पाकीट फोडलं का, सरांना दाखवलं का, की माझं अक्षर बघूनच बाजूला टाकलं. सुनंदा विचारते, काय झालं? मी सांगतो, अभ्यासात असेल.
वैशू, तुझं उत्तरही मी ओटीवर बसून भरतोय. सकाळी एक, संध्याकाळी दुसरं. वर्ष गेलं असेल तर तसं लिही. रागावली असशील तर तसं. पण तू लिही, आणि लवकर लिही.