दोघांनी धरायचं मशीन

बाबा, खड्डे पाडायचं मशीन घेतलं. तुम्ही असता तर आधी हेच विचारलं असतं, की सब्बल काय मोडली होती का. मोडली नाही. ती अजून गोठ्याच्या कोपऱ्यात उभी आहे, तुमच्या हातांनी मधोमध गुळगुळीत झालेली. पण आता सब्बल चालवणारं माणूस मिळत नाही, आणि मला वावराच्या चारी धुऱ्यांनी सिमेंटचे खांब रोवून जाळी ओढायची होती, तीही हरभरा वर यायच्या आत. घाई जनावरांची नव्हती. रोही आणि डुकरं तुमच्याही वेळी होती, आताही आहेत, दरवर्षी आपल्यापेक्षा आधी तीच जेवतात. घाई तुमच्या नातवाची होती. या वर्षी तारेत करंट सोडायचा, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

तुम्ही त्याला पाहिलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते. माझं लग्न, पोरगा, सारं नंतरचं. त्याचे वडील पुण्याकडे कंपनीत सिक्युरिटीत आहेत, सणावाराला येतात. वावर तोच पाहतो. तुमच्यासारखाच उंच आहे आणि तुमच्यासारखाच कोणाचं ऐकत नाही. जागल करून करून पोराचे डोळे खोल गेले आहेत. एका सकाळी तो वावरातून आला आणि चपला न काढताच चुलीपाशी बसला. तुरीचा एक अख्खा पट्टा डुकरांनी लोळवला होता. म्हणाला, "आई, आता बस झालं. मी करंट लावतो."

"नाही," मी म्हटलं.

"सारे लावून राह्यले. रात्री लावाचा, सकाळी काढाचा. तू काहून एवढी भेतेस?"

मी भाकरी थापत राहिले. काय सांगणार होते त्याला? त्याला एवढंच माहीत आहे की त्याच्या आजोबाला पान लागलं, वावरात साप चावला. हे त्याला मायनं सांगितलं, मीही सांगितलं, गावातल्या म्हाताऱ्यांनीही सांगितलं. नागपंचमीला माय त्याला वावरात जाऊ द्यायची नाही, इतकं ते खोटं आम्ही जपलं. आणि तुम्ही गेलात ते ऐन हिवाळ्यात, बाबा. दातावर दात वाजतील अशा थंडीत साप आला कुठून, हे गावात एकानंही विचारलं नाही. विचारणार कोण? ज्यानं विचारावं त्याच्याच वावरात तार होती.

मला अजून राग येतो तुमचा. लिहूनच टाकते, तुम्ही काही उठून मारणार नाही. लहानपणी एकदा मी ओल्या हातानं मोटरचं बटन दाबायला गेले, तर तुम्ही धावत येऊन माझ्या कानाखाली असा आवाज काढला की विहिरीवरची पाखरं उडाली. "ओल्या हातानं? मराचं हाय का तुले?" असं ओरडलात आणि माझा हात आपल्या धोतराला कोरडा होईपर्यंत पुसलात. मग बाजाराच्या दिवशी आपल्या वाशीमकडच्या मालेगावहून माझ्यासाठी लाल रिबीन आणलीत. माफी मागायची तुमची तेवढीच रीत होती. रिबीन कागदातून काढून माझ्यासमोर ठेवायची आणि बैलांकडे निघून जायचं. ज्या माणसाला पोरीचा ओला हात दिसला, त्यानं स्वतः ओल्या वाफ्यात उभं राहून तार कशी बांधली, हे मला आजवर कळलेलं नाही.

म्हणजे कळलं आहे. तेच तर वाईट आहे. त्या रात्री डुकरानं तार तोडली होती आणि पहाटे लाईन गेली होती. लाईन नाही तर करंट नाही, मग मोटरच्या खोपडीपर्यंत जाऊन लाईनवरचा आकडा कशाला काढायचा, असं तुम्हाला वाटलं असेल. कोणालाही वाटलं असतं. लाईन एकदा गेली की उन्हं वर आल्याशिवाय येत नाही, हा साऱ्या शिवाराचा अनुभव. त्या दिवशी ती लवकर आली.

माय मला म्हणते, "जाय, पाह्य बरं, अजून काहून नाही आले." मी स्वेटर घालून निघते. गव्हाला पाणी दिलेलं, वाफ्यातून वाफ निघते आहे. तुम्ही धुऱ्याजवळ बोरीखाली पडलेले दिसता, एका कुशीवर, हातात पक्कड. मला वाटतं झोपले. मी हाकही मारते. जवळ जाणार तोच मागून मायचा आवाज येतो, माझ्या मागोमाग ती का निघाली ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. ती ओरडते, "थांब! पाय टाकू नको!" आणि उलटी धावत खोपडीकडे जाते. वाळल्या तुराटीनं आकडा पाडते. मग येऊन तुमच्या छातीला कान लावते. कितीतरी वेळ लावून ठेवते.

ती रडली नाही, बाबा. आधी म्हणाली, "तार गुंडाळ." आम्ही दोघींनी तार गुंडाळली, खुंट्या उपटल्या, खुंट्यांवर तुम्ही बसवलेली बाटल्यांची तोंडं गोळा केली. करंट जमिनीत उतरू नये म्हणून काच हवी, हे तुम्हीच मला कौतुकानं दाखवलं होतं. बोरीपासून जरा हटून मायनं कुदळीनं ओली माती काढली आणि सगळं आत दाबलं, वर पायानं माती लोटली. तुमच्या हातातली पक्कड सोडवायला तिला फार जोर लावावा लागला. ते सारं झाल्यावर मग तिनं गावाकडे तोंड करून हंबरडा फोडला, "पान लागलं वो! धावा वो!" पुढं आयुष्यभर ती कशालाही रडली की मला तो हंबरडा आठवायचा आणि त्याच्या आधीची शांतता आठवायची. पोलीस येतील, पंचनामा होईल, गुन्हा मेलेल्यावर बसेल, पोरीच्या लग्नात लोक बोलतील, असलं काहीतरी तिच्या डोक्यात होतं. दुपारच्या आत तुम्हाला मसणात पोहोचवून लोक घरी गेले होते. मरताना माय मला म्हणाली, "पोराले सांगू नको. त्याच्या नजरेत तुह्या बाबाले लहान करू नको." मी शब्द दिला.

म्हणून मशीन. न सांगता थांबवायचं तर दुसरं काही हातात देणं भाग होतं. पोरगा म्हणाला, "एवढे खड्डे कोण खोदीन?" मी म्हटलं, मशीन खोदीन. त्यानं मोबाईलवर मला मशिनं दाखवायला सुरुवात केली. पेट्रोलचं इंजिन, खाली पिळाचं लांब पातं, माणूस वर दांडी धरून उभा, आणि पातं फिरत फिरत जमिनीत उतरतं. त्या व्हिडिओतली माती पुरणासारखी मऊ. आपल्या वावरात वर काळी आणि हातभर खाली मुरूम, त्यात दगड, असं कोणी दाखवेना. एकात तर कुठल्याशा बर्फाच्या देशातला माणूस गोठलेल्या तलावावर तसंच मशीन चालवत होता. पोरगा कितीतरी दिवसांनी हसला. "आई, हे पाह्य, बरफाले भोक पाडून मासे धरून राह्यला!" मी पाहत राहिले. भोक पडलं, स्वच्छ पाणी वर आलं, माणसानं गळ सोडला आणि बादली पालथी घालून त्यावर एकटाच बसला. त्याच्या जमिनीतून पाणी आणि मासेच तेवढे वर येतात. मला त्याचा हेवा वाटला, खरंच सांगते.

वाशीमला आम्ही दोघं गाडीवर गेलो. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलंच नाही, पोराला म्हणाला, "भाऊ, हे घ्या, एकट्याचं मशीन. हलकं हाय, कुठंबी नेता येते." मी विचारलं, "मुरमात चालते का?" मग त्यानं पाहिलं.

"चालते ना, ताई. हळूहळू चालवा लागते."

"अन् दगडात अडकलं तर?"

माणूस खोटा नव्हता. म्हणाला, "अडकलं तर झटका मारते. पातं थांबते अन् मशीन फिरते. हातात जोर पाह्यजे. मनगट जाते एखाद्याचं." पलीकडे एक मोठं मशीन होतं, चार दांड्यांचं. ते दोघांनी समोरासमोर उभं राहून धरायचं. वजनाला दोघं, अडकलं तर आवरायला दोघं. "पण त्याले दोन माणसं लागतात," दुकानदार म्हणाला, "अन् आजकाल दुसरं माणूस आणता कुठून?"

"मी हाओ ना," मी म्हटलं. पोरगा लाजला. बाहेर येऊन चिडला, "तुले पेलणार हाय का ते? एकट्याचं घेतलं असतं तर मी उरकलं असतं." मी त्याला मुरमाचं कारण सांगितलं, ते खरंही होतं. पण बाबा, मला त्या शेतात तो एकटा नको होता. तुमच्या वेळी समोर कोणी उभं असतं, नुसतं म्हणालं असतं, आकडा काढला का, तर एवढ्या एका प्रश्नावर तुम्ही आज म्हातारे होऊन माझ्यावर खेकसत असता. दोघांशिवाय चालूच होणार नाही असं मशीन मला पाहिजे होतं. दुकानात असलं काही मागता येत नाही, म्हणून मी मुरूम मुरूम करत राहिले.

सोयाबीन निघालं आणि आम्ही सुरुवात केली. दोरी धरून सरळ रेघ पाहायची, खड्ड्याच्या जागी फक्कीची पांढरी चिमूट टाकायची, आणि मग मशीन उभं करायचं. ही चिमूट टाकायचं काम माझ्याकडे. पहिल्या दिवशी माझे खांदे असे भरले की रात्री वेणी घालता आली नाही. पण पोरगा खुलला होता. समोरून ओरडायचा, "आई, दाब! सोड! आता उचल!" पेट्रोलच्या धुरात त्याचे पांढरे दात दिसायचे. मला वाटलं, जमलं. खांब उभे राहतील, जाळी लागेल, आणि तुमचा साप सापच राहील.

मग बोरीजवळची बाजू आली. बोर अजून आहे, बुंधा पोखरलाय, तरी बोरं धरते. पातं काळीतून सरळ उतरलं आणि एकदम मशीननं असा हिसका दिला की आम्ही दोघंही अर्धे फिरलो. एकट्याच्या हातात असतं तर हात गेला असता. पोरानं इंजिन बंद केलं. दोघांनी मिळून पातं वर ओढलं. पिळाला गंजकी तार गुंडाळलेली, गठ्ठाच्या गठ्ठा, आणि मातीबरोबर एका बाटलीचं फुटकं तोंड वर आलं.

तो खाली बसला. काच उचलून बोटानं पुसली. असल्या कामाची माहिती त्याला आहे, चार महिने तो हेच तर विचारत फिरत होता. "आई," तो म्हणाला, "हे कुंपणाची तार नोहे. हे करंटची हाय. आपल्या वावरात कोणं लावली होती?"

मी म्हटलं, "तुह्या आजोबानं."

मला वाटलं होतं मी खूप बोलेन. तोंडातून एवढंच निघालं, "साप नव्हता, बाबू. इथंच पडले होते. मी पाह्यलं."

बराच वेळ तो काचेवरची माती काढत बसला होता, काढायला काही उरलं नव्हतं तरी. मग न बघता म्हणाला, "मी तार आणून ठेवली होती. खोपडीत, पोत्याखाली. जाळी लागेपर्यंत तरी लावाची, असं होतं डोक्यात. आजच." उठला, खोपडीकडे गेला, आणि नवीकोरी तारेची गुंडाळी आणून माझ्या पायाशी ठेवली. तुम्ही रिबीन ठेवायचात अगदी तशी. आणि मग तोंड फिरवून तुरीकडे चालत गेला. मी तिथंच, त्या उघड्या खड्ड्याजवळ बसले आणि मायनं तेव्हा जे केलं नव्हतं ते केलं. इतक्या वर्षांचं मोठ्यानं रडले.

त्याच्या नजरेत तुम्ही लहान झालात का, मला माहीत नाही. तो तुमच्याबद्दल काही बोलत नाही. संध्याकाळी तुमच्या फोटोकडे पाहत उभा असतो, मी आले की सरकतो. जाळी लागली आहे. शेजारच्या धुऱ्यावर अजून रात्रीची तार असते, तिकडं जाऊन तो एकदा बोलून आला, भांडण करून परत आला. पुन्हा जाईन म्हणतो.

हा कागद मी कुठं टाकणार आहे? चुलीत जाईल, आणखी काय. मायला दिलेला शब्द तुटला तो मशीननं तोडला, असं मी तिच्या फोटोसमोर म्हटलं. तुमच्यासमोर म्हणवत नाही. बोरीपासून किती हटून मायनं ते पुरलं होतं, हे मी एक दिवसही विसरले नव्हते. दोरी त्या जागेच्या हातभर अलीकडून जात होती. पोरगा पेट्रोल भरायला गेला तेव्हा मी ती सरकवली, आणि नेमकी तिथंच फक्की टाकली.