आईसाठी पायरी

६ नोव्हेंबर, गुरुवार
नवी उंच गाडी दारात. पाहिली की छाती फुगते. एकच बारीक मुद्दा: आईला चढता येत नाही. गाडीचा तळ जमिनीपासून दोन फूट वर, आणि आईचा गुडघा एका फुटाच्या वर जायला तयार नाही. आज मी खालून ढकललं, बायकोने आतून ओढलं. आई सीटवर पालथी पडली. म्हणाली, "बरी आहे गाडी." म्हणजे आवडली.
दर गुरुवारी आईला मावशीकडे न्यावं लागतं. मावशी नर्सिंग होममध्ये, अंथरुणाला खिळलेली. आता फक्त आईलाच ओळखते. बाकी दिवस कसेबसे काढते, नीट खाते ती आईच्या हातून.

७ नोव्हेंबर
निश्चय: पायरी मीच डिझाइन करणार. बायको म्हणाली, शोरूमवाले बसवून देतात, दुपारभराचं काम. मी म्हणालो, कारखान्यातल्या दोनशे माणसांची सेफ्टी ज्याच्याकडे आहे, त्याला तू हे सांगतेस? ती चहा टाकायला गेली. पटलं असावं.

११ नोव्हेंबर
वेल्डरकडे गेलो. भला माणूस, पण कल्पनाशक्ती नाही. म्हणे, चार ठिकाणी पकड घ्या, दोन बोल्टवर पायरी डुलेल. नव्या कोऱ्या गाडीला चार भोकं? दोनच पाडायला लावली. त्याने माझ्या नकाशावर माझीच सही घेतली. आठवण म्हणून ठेवणार असेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
ऐतिहासिक दिवस. आई स्वतःच्या पायांनी चढली. पायरीने 'कुई' केलं. नवं लोखंड थोडं बोलतंच. आईने दाराची कड इतकी घट्ट धरली होती की तळहातावर वळ उठला. मावशीने सहा चमचे सूप घेतलं.

१६ नोव्हेंबर
पायरी एका बाजूने दोन सूत खाली आली आहे. सेट होतेय.
वेल्डरचा फोन. उचलला नाही. कौतुक करायला केला असेल. मला तोंडावर कौतुक आवडत नाही.

१८ नोव्हेंबर
कारखान्यात 'पायऱ्या आणि अपघात' या विषयावर माझं भाषण. टाळ्या. एकाने विचारलं, लक्षणं आधी दिसतात का? मी म्हणालो, नेहमी दिसतात. माणूस बघत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
आई चढताना डोळे मिटते. काहीतरी पुटपुटते. विचारलं तर म्हणाली, "काही नाही रे, तू गाडी काढ." पायरीचा आवाज बदललाय. 'कुई' नाही, 'कट्'. एकदाच, खोलवरून.
येताना आईने विचारलं, पुढच्या वेळी टॅक्सीने जाऊ या का? मी घरी येऊन कुणाशीही बोललो नाही. संध्याकाळी ती खोलीत आली. म्हणाली, "तुझ्याच गाडीने जाऊ." जिंकलो.

२३ नोव्हेंबर
सकाळी पायरीखाली लोखंडाचा चुरा. चिमूटभर. फुंकर मारून उडवला. बायको खिडकीतून बघत होती. तिने पडदा ओढला.

२५ नोव्हेंबर
वेल्डर स्वतः दारात. म्हणाला, "साहेब, फक्त वाकून बघू द्या." मी म्हटलं, आत्ता वेळ नाही, शनिवारी या. तो फाटकाकडे वळला. मग अंगणातल्या आईला म्हणाला, "आजी, जपून चढा." कारण नसताना म्हाताऱ्या माणसाला घाबरवतात लोक.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. हॉस्पिटल
पायरी तुटली नाही. हे आधी नोंदवतो. बोल्ट निसटला आणि पायरी फिरली. या वेगळ्या गोष्टी आहेत.
आईचा घोटा मोडला. पडताना तिने हाकसुद्धा मारली नाही. बायकोने विचारलं, तू शेजारी होतास ना, धरलं का नाहीस? मी फोटो काढत होतो. पुढच्या भाषणासाठी.
दुपारी नर्सिंग होममधून फोन. मावशीने आज तोंडच उघडलं नाही.

२९ नोव्हेंबर
आईला म्हणालो, भीती वाटत होती तर बोलली का नाहीस? म्हणाली, "तू किती हौसेने केली होतीस."


१ डिसेंबर
मावशी चार दिवस फक्त पाण्यावर. सिस्टर म्हणाल्या, बहिणीला आणता आलं तर बघा, आणि लवकर. मी स्वतः चमचा घेऊन बसलो. मावशीने माझ्याकडे नीट पाहिलं. विचारलं, "ती कुठे आहे?" मी म्हणालो, येईल. मावशीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

२ डिसेंबर
डॉक्टर तासाभरासाठी सोडायला तयार झाले. बायकोने टॅक्सी बोलावली. बुटकी, जुनी, दारावर ओरखडे. ड्रायव्हरने न सांगता पुढची सीट मागे सरकवली. आई पाठमोरी टेकली, प्लास्टरचा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. झालं. ओढाओढ नाही, काही नाही.
मावशीने आईचा हात चाचपला आणि पाच चमचे घेतले. मी दारात उभा राहून पाहिलं.
निघताना पुन्हा टॅक्सी. मला कुणी काही विचारलं नाही. ड्रायव्हरने दार लावलं आणि ते गेले.
मी माझ्या गाडीत चढलो. एकटाच. मला काहीच त्रास झाला नाही.