बेटावरचे सहा थांबे

१६ जून, सोमवार

आज एकदाची कामावर हजर झालो. कंग्राळीतनं सकाळी सातच्या बसनं निघालो, चिकोडीला बस बदलली, पुढं वडापच्या जीपनं धरणापर्यंत. आईनं दोन डबे दिलते, एक मला आणि एक तिथल्या सायबाला. सायेब म्हणजे महादेवअण्णा, हितल्या पर्यटन केंद्राचे मॅनेजर, निपाणीचे. त्यांनी आधी डब्यातली थालिपिठं खाल्ली आणि मग माझं पत्र वाचलं. माणूस बरा वाटला.

धरणाच्या पाण्यात मधोमध एक डोंगर हाय, त्यालाच सगळे बेट म्हणत्यात. उन्हाळ्यात मातीच्या बांधावरनं जीप थेट बेटावर येती. पाऊस वाढला की बांध पाण्याखाली जातो, मग रवळूमामाची होडी. बेटाला गोल फिरणारा सात किलोमीटरचा रस्ता हाय आणि त्यावर सहा थांबे. पावण्यांना जीपमधनं फिरवायचं, थांब्याथांब्यावर माहिती सांगायची, फोटो काढून द्यायचे, हे माझं काम. ड्रायव्हर पण मीच, गाइड पण मीच. गावात मी ट्रॅक्टर चालवायला लागलो तवा भावकीत बोंब उठलती. हितं त्याच हातांना नोकरी मिळाली.

खोली लहान हाय, पण खिडकीत सगळं पाणीच पाणी. रोज लिहायचं ठरवलंय. किती दिवस टिकतं बघू!

२२ जून, रविवार

चार फेऱ्या झाल्या. घसा बसला.

थांबे आता पाठ झाले. पैल्यावर दगडी कमान, दुसऱ्यावर जांभळाची रांग. तिसऱ्यावर बगळ्यांची वस्ती, तितं लय वास मारतो पण लोकांना तेच आवडतं. चौथ्याला बुडलेल्या गावची शाळा, पायरीपर्यंत पाणी. पाचवा उंचावर हाय, अख्ख्या बेटावर फोनला रेंज तेवढी तितंच. सहावा म्हणजे कडा. खाली चाळीस-पन्नास फूट पाणी, पलीकडं सगळी उसाची राने. सगळ्यात देखणा थांबा तोच, पण महादेवअण्णांनी तितं दहा मिनिटांच्या वर थांबू नको म्हणून सांगितलंय. रेलिंग नवीन दिसतं.

संकेश्वरच्या एका कुटुंबानं मला मिरचीभजी खायला घातली. त्यांच्या आज्जीनं विचारलं, पोरी, तुला भ्या वाटत न्हाय व्हय हितं एकटीला? मी म्हटलं, सात किलोमीटरात कुठं हरवायचं आज्जी, फिरून फिरून हितंच येतो की.

२८ जून, शनिवार

आज बेळगावचं एक जोडपं आलंय, टिळकवाडीचं. शरच्चंद्र सर, कॉलेजातनं निवृत्त झालेले, आणि त्यांच्या मिसेस विनोदिनीबाई. पंधरा दिवसांपेक्षा जास्त राहणार म्हणे. दोघं हळू बोलत्यात, पुस्तकातल्यासारखं. जीपमध्ये बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं तोंडाला काय तरी लागलंय.

रवळूमामानं मागनं सांगितलं. तीन वर्षांमागं ह्यांची एकुलती एक लेक, श्रिया, सहाव्या थांब्यावरनं पाण्यात गेली. पावसाचे दिवस. लई शोधलं, पण गावली न्हाय. खडकावर फक्त चष्मा मिळाला. तवापासनं दर साली हे दोघं येत्यात. ती माझ्याच वयाची हुती.

ऐकून जेवण गेलं न्हाय. त्यांच्या जागी आमची आई असती तर वेडी झाली असती.

१ जुलै, मंगळवार

विनोदिनीबाईंनी अल्बम दाखवला. त्या शेवटच्या सहलीत श्रियाचा एकेका थांब्यावर एकेक फोटो काढलाय. पाच फोटो. सहावं पान रिकामं.

बाई म्हणाल्या, तू तिच्यासारखी त्या जागी उभी राहशील का, एकदाच, मला बरं वाटेल. कसं न्हाय म्हणायचं? कमानीखाली उभा राहिलो. सरांनी अल्बम समोर धरून मला सांगितलं, डावा खांदा जरा खाली, हनुवटी वर. फोटो काढला तवा बाईंचे डोळे भरून आले.

दुसऱ्या थांब्यावर फोटो काढताना पाऊस आला. त्यांनी पिशवीतनं निळा रेनकोट काढून मला घातला. अंगाला बरोबर बसला. परत द्यायला गेलो तर म्हणाल्या, राहू दे, तुझाच आहे.

४ जुलै, शुक्रवार

तिसरा फोटो झाला. बगळ्यांच्या आवाजात सर ओरडून ओरडून सांगत हुते, पाय जवळ घे, पाय जवळ घे.

परत येताना मी आलो, गेलो म्हणतो ते ऐकून बाई हसल्या. मुलीनं आले, गेले म्हणावं गं, असं म्हणाल्या. मी सांगितलं, आमच्याकडं बायका असंच बोलतात. त्या म्हणाल्या, तुमच्याकडं म्हणजे कुठं? मी म्हटलं, कंग्राळी. त्यांनी मान हलवली, जसं काय मी खोटं बोलत हुतो आणि त्यांनी मोठ्या मनानं सोडून दिलं.

एवढं मनाला लावून घ्यायचं न्हाय. दुःखातली माणसं हायत.

८ जुलै, मंगळवार

काल बांध बुडाला. पावण्यांच्या फेऱ्या बंद. आचारी आणि सफाईच्या बायका होडीनं गेल्या. महादेवअण्णाही कामासाठी चिकोडीला जाणार, आठवड्यानं येतो म्हणाले. सर आणि बाई पंधरा तारखेपर्यंत हायत, त्यांच्यासाठी मी थांबायचं ठरलं. रवळूमामा रोज सकाळी दूध आणि भाजी आणून देणार.

आज शाळेच्या पायरीवर चौथा फोटो. बाईंनी एका डबीतनं चष्मा काढला. तोच चष्मा. मला नको वाटत होतं, पण त्यांनी स्वतःच तो माझ्या डोळ्यांवर चढवला.

पलीकडच्या काठावरचा ऊस एकदम स्पष्ट दिसला. एकेक पान. काढला तर सगळं धुकट. मला कधीच चष्मा नव्हता. शाळेत डोळे तपासलते, तवा डॉक्टर म्हणालते हिला चंद्रावरचं दिसेल.

आता हे लिहिताना वही नाकाजवळ धरावी लागते आहे.

९ जुलै, बुधवार

कालचं वाचलं. "लागते आहे" असं मी लिहिलंय. मी असं लिहीत नाही. न्हाय. न्हाय लिहीत.

अक्षरही बदललंय, सोळा तारखेचं पान आणि हे पान शेजारी धरलं तर दोन माणसांची वाटतात.

दुपारी बाईंनी सार-भात केला आणि मला आग्रहानं बसवलं. तुला तिखट सोसत नाही ना, म्हणून बिनमिरचीचं केलंय, असं म्हणाल्या. मी रागानं खोलीत येऊन आईनं दिलेला ठेचा काढला. बोटभर खाल्ला आणि जीभ पोळली. डोळ्यांतून पाणी. लहानपणापासून मी भाकरीवर ठेचा —

डाव्या कोपरावर विळा लागल्याची खूण होती. आज अंघोळीच्या वेळी शोधली. दिसली नाही. चष्मा घालूनही शोधली.

उद्या दूध घेऊन रवळूमामा आला की त्याच्या होडीनं जायचं. अण्णांना नंतर कळवेन.

११ जुलै, शुक्रवार

काल होडी आलीच नाही, वारा होता. आज आली असणार, पण मला कुणी उठवलं नाही. नऊला जाग आली तेव्हा दारात दुधाची किटली होती.

आईला फोन करायला जीप घेऊन पाचव्या थांब्यावर गेले. तिथं सर आणि बाई आधीच उभे. इतक्या लांब, चालत. मी खाली उतरून फोन कानाला लावला आणि मागून क्लिक असा आवाज झाला. सर म्हणाले, छान, अगदी तशीच आलीस, ती पण फोनवर बोलत होती.

आईनं फोन उचलला. मी म्हणाले, आई, मी ऋतिका.

ती म्हणाली, "कोण बोलतंय बाई? आमची ऋतिका हितंच हाय की. आत्ताच आली."

मी म्हणाले, आई, अगं मीच आहे.

"न्हाय वो बाई, नंबर चुकला तुमचा."

मागून आवाज आला, "कोण हाय गं आई?"

माझा आवाज. माझा, जसा मी दोन आठवड्यांपूर्वी बोलत होते तसा. कुणीतरी आईच्या हातातून फोन घेतला. अगदी हळू, शुद्ध भाषेत ती म्हणाली, "मला माफ कर. मला त्यांच्याकडे परत नाही जायचं."

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागत नाही. बाई जीपजवळ उभ्या होत्या. कुणाचा होता गं फोन, असं त्यांनी विचारलं.

१२ जुलै, शनिवार

सकाळपासून जीप चालवते आहे. बांधापाशी गेले, बांध नाही, लाल पाणी. होडी नाही. परत फिरले. कमान, जांभळं, बगळे, शाळा. सहाव्या थांब्यावर ते दोघे छत्री घेऊन उभे होते. थांबले नाही. पुन्हा कमान, पुन्हा जांभळं. पुन्हा ते दोघे. बाईंनी हात केला. तिसऱ्या फेरीलाही तिथेच.

सात किलोमीटर. कुठल्याही बाजूनं गेलं तरी त्यांच्यासमोरूनच जावं लागतं.

डिझेल संपत आलं तेव्हा केंद्रावर आले. दार आतून लावलंय. बाहेर बाई ताट घेऊन उभ्या आहेत. रागावू नकोस, म्हणतात. सर म्हणतात, हिला वेळ दे, आपण मागच्या वेळी घाई केली.

१३ जुलै, रविवार

दाराबाहेर बसून बाईंनी सगळं सांगितलं. मी कान झाकले होते, तरी ऐकलं.

श्रियाला पुण्याला नोकरी लागली होती. ह्यांना नको होतं. आठ महिने तिला बाहेर पाठवलं नाही. फोन सरांकडे, खोलीची किल्ली बाईंकडे. तिच्याच भल्यासाठी, म्हणाल्या. मन रमावं म्हणून इथं आणलं, सहलीपुरता फोनही परत दिला. पाच फोटो तिनं काढू दिले. सहाव्यावर म्हणाली की मी घरी येणार नाही, आणि बाईंच्या हातातून हात सोडवून घेतला.

"एवढंच चुकलं बघ," बाई दारातून म्हणाल्या. "मी हात घट्ट धरला नव्हता."

टिळकवाडीतली खोली तशीच ठेवली आहे. पुस्तकं, पलंग, सगळं. खिडकीला तेवढी नवी जाळी बसवली आहे.

मी ऋतिका. मी कंग्राळीची. आमच्या दारात — दारात झाड आहे. कसलं ते —

१४ जुलै, सोमवार

सकाळी होडीचा आवाज आला. दार उघडून पळत सुटले. रवळूमामाचे दोन्ही हात धरले. मला ओळख, म्हणाले. मी ऋतिका, जीप चालवणारी.

तो घाबरून मागे सरकला. म्हणाला, "ताई, त्या पोरीला शुक्रवारी सकाळी मीच सोडून आलो न्हवं का पलीकडं. लई खुशीत हुती." मग माझ्या मागे बघत त्यानं हात जोडले. देवानं ऐकलं बघा सर, म्हणाला. तो रडत होता.

बाईंनी माझं मनगट धरलं. या वेळी घट्ट.

होडीत बसण्याआधी ते मला सहाव्या थांब्यावर घेऊन गेले. सर जीप चालवत होते. मी कड्याशी उभी राहिले, बाई शेजारी, मनगट धरून. उडी मारता आली असती. पण उडी मारून जायचं कुठं, माझ्या घरात तर ती —

फोटो निघाला.

दुपार.

होडीत आहोत. मी मधे, दोघे दोन्हीकडे. उजवं मनगट बाईंच्या हातात, डाव्या हातानं लिहिते आहे. अक्षर सुरेख येतंय.

मामा मला माहिती देतोय. तो डोंगर, ती उसाची राने. पाहुण्यांना देतात तशी.

काठावर पांढरी गाडी, दारं उघडी. मागच्या दारांना आतून कड्या नाहीत, इथूनसुद्धा चष्म्यातून स्पष्ट —

बाबा हात पुढे करून बसलेत. वही भिजेल, दे इकडे, म्हणतात. नाही देणार. ज्याला कुणाला ही मिळेल त्यानं कंग्राळीत जाऊन माझ्या आईला सांगा, घरात आहे ती मी नाही, मी टिळकवाडीत, त्यांच्या घरी, वरच्या मजल्यावरची जाळीची खि