फौजदार आणि चिमणीची चादर

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू घर विकून कायमची माझ्याकडे येणार हे वाचलं आणि दुकानात एकटाच हसलो. समोर कोटाच्या ट्रायलला गिऱ्हाईक उभं होतं. त्याला वाटलं, मी त्याच्या पोटालाच हसतोय. बिचारा कोट काढून गुपचूप बसला.

पण तुझ्या इवल्याशा कुत्रीला, चिमणीला सोडून येणार नाहीस, हे वाचून हसू पळालं. आमचा फौजदार माणसांपुढे गरीब गाय, पण दुसरं कुत्रं दिसलं की त्याच्या अंगातच येतं. काल बेकरीवाल्याच्या कुत्र्यावर असा धावला की पाठोपाठ मीही पावांच्या टोपल्यांत. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं. दुखणंखुपणं काही नाही. म्हणाले, दुसरी कुत्री लांबूनच दाखवा, शांत राहिला तर खाऊ द्या, मग हळूहळू अंतर कमी करा. तेवढं जमेपर्यंत घराचा व्यवहार थांबव. तुझी चिमणी म्हणजे त्याचा एक घास.

लोभ आहेच, येणं तेवढं थोडं सबुरीने व्हावं.

तुझा,
बापू

११ मार्च

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

फौजदाराला वळण नाही, यात नवल ते काय? धन्याला तरी कुठे होतं? दुसरं कुत्रं दिसलं की तू काय करतोस ते मी इथे बसून सांगते. पट्टा हाताला गुंडाळतोस आणि श्वास कोंडून उभा राहतोस. लहानपणी गणिताचे मास्तर दिसले की माझा हात असाच आवळायचास. त्या मास्तरांनी मला कधी काही केलं नाही, तरी तुझ्यामुळे मीही घाबरायची. कुत्र्यालाही वाटत असेल, मालक एवढा टरकलाय म्हणजे समोर वाघच आला. हात सैल सोड.

व्यवहार थांबणार नाही. एकटी राहू नकोस म्हणून लेकीने धोशा लावलाय. शेजारीण चिमणीला ठेवून घ्यायला तयार आहे, पण ते माझ्याने होणार नाही. सोबत चिमणीची चादर पाठवते. फौजदाराला त्यावर निजव, म्हणजे तिच्या वासाची ओळख होईल.

जपून राहा, पाव विकतच घेत जा.

तुझी,
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

चमत्कार! पट्टा सैल सोडून, गाणं गुणगुणत फिरतो. बेकरीवाल्याचं कुत्रं समोरच्या फुटपाथवरून गेलं, तर फौजदाराने फक्त माझ्या खिशाकडे पाहिलं. बिस्किटं तिथे असतात. आणि चादर! तिच्यात नाक खुपसून घोरतो. चिमणीवर त्याचा जीव जडलाय. बेलाशक निघ.

वाट पाहणारा,
बापू

९ एप्रिल

चि. बापूस,
आशीर्वाद.

चादर आवडली ना? आवडणारच. माहेरी मळकी चादर कशी पाठवणार? दोनदा साबणाने धुऊन, कडक उन्हात वाळवून पाठवली होती. घराच्या किल्ल्या दिल्या. रविवारी आम्ही दोघी पोचतो.

ताई

२० एप्रिल

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईने चिमणीचा सगळा वास धुऊन काढलाय, हे कळलं तेव्हा माझ्या हातातली कात्रीच गळाली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोघांची गाठ घरात न घालता मैदानात घातली. फौजदार ताठ झाला. मी मोठ्याने गायला लागलो, पट्टा सैल सोडला. तो चिमणीला ओलांडून थेट तुझ्या आईकडे गेला आणि तिच्या साडीत नाक खुपसून डोळे मिटून उभा राहिला. साबण तोच ना! चिडली ती चिमणी. आपली मालकीण बळकावली म्हणून भुंकून भुंकून मैदान डोक्यावर घेतलं.

पाहतो तर मला शहाणपण शिकवणारी तुझी आई, चिमणीचा पट्टा मुठीत आवळून, श्वास कोंडून उभी. मी म्हटलं की ताई, आता हात सैल सोड. तिने सोडला आणि ती ढसाढसा रडली. घर रिकामं करताना रडली नव्हती म्हणे. चिमणी भुंकायची थांबली आणि तिच्या पायाशी येऊन बसली. फौजदार आधीच तिथे होता.

आता दोघंही त्याच चादरीवर निजतात, मध्ये हातभर जागा सोडून. चादर पार मळलीय. तुझी आई सकाळपासून ती धुवायला मागते आहे. मी ती गिऱ्हाइकांच्या कपड्यांखाली लपवली आहे. तिने तुला विचारलंच, तर मला काही ठाऊक नाही म्हणून कळव.

मामावर माया ठेव, आणि तोंड बंद.

तुझा,
मामा